माप मला विचारलं होतं

पुण्यातल्या त्या डॉक्टरनं माझ्या बायकोच्या छातीचं माप मला विचारलं, आणि मी सांगितलं. ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. हात लांबवला तर पदराला लागेल इतक्या जवळ. बहिरी नव्हती, मुकी नव्हती, सातवी पास होती. तरी त्यानं मला विचारलं आणि बेअरिंगचा नंबर सांगावा तसा मी सांगून मोकळा झालो.

या गोष्टीवर मी इतकी वर्षं एक वाक्य पांघरून ठेवलं होतं. ‘आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.’ स्वतःशीसुद्धा हेच म्हणायचो. खोटं आहे. लिहायला घेतलं तेव्हा बायकोला विचारलं, लिहू का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लिवा. माझं नाव नका घालू. आन् दोघांनी ठरवलं असलं काय बी लिवू नका.”

म्हणून नाव कुणाचंच घालत नाही. काहींची नावं चौकात लावावीत असं अजूनही वाटतं. पण तसं करायला गेलं तर पहिली पाटी माझ्याच नावाची रंगवावी लागेल.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी साताऱ्याकडून पिंपरीला आलो. मामाच्या ओळखीनं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटलो. हायवेच्या दोन्ही अंगांना तेव्हा ज्वारीच्या रानात कंपन्यांच्या भिंती चढत होत्या. मॅट्रिक असल्यामुळे चार-पाच वर्षांत परचेसमध्ये गेलो, म्हणजे कंपनीला लागणारा माल ठरवणारा, मागवणारा माणूस झालो. लग्न झालं. बायको चाकणजवळच्या एका गावची, घरची कांद्या-भुईमुगाची शेती. दोन मुलं झाली. चिंचवडला दोन खोल्या झाल्या. माणूस म्हणून माझी ख्याती काय, तर शांत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. शेजारणी माझ्या बायकोला म्हणायच्या, “वहिनी, नशीब काढलंत. आमच्याकडं रोज तोफखाना असतो.”

या माझ्या शांतपणाची आता चीड येते. तोफखाना असलेल्या घरात बाईला निदान कळतं तरी, गोळा कुठून आला ते.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. वर्षातून त्या एका दिवशी बायकामुलांना आत सोडतात. मशीनना झेंडूच्या माळा, खाली रांगोळ्या, नवे कपडे घालून आलेली घरं. आमच्या प्रेस शॉपचा फोरमन मोठ्या तोंडाचा माणूस. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं अवजड यंत्र. ज्या साच्यानं पत्र्याला फुगवटा येतो तो डाय, आणि पत्र्याची जाडी मोजतात ती गेजमध्ये. बायको पोरांना घेऊन यंत्राला हळदकुंकू वाहत होती. फोरमननं तिच्याकडं पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि चार लोकांत म्हणाला, “काय राव, वहिनी म्हणजे अगदी अठरा गेजचा पत्रा! माल उत्तम आहे, फक्त डाय मारायची राहिली!”

सगळे हसले. मीही हसलो.

हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत. त्या माणसाच्या तोंडात मारायला हवी होती असं मी म्हणत नाही. मारामारी माझ्या अंगात नव्हती. पण न हसणं तर येत होतं की नाही? मुंडी खाली घालून पोरांचा हात धरून निघून जाणं तर येत होतं? बायकोनं हातातलं हळदकुंकवाचं तबक तसंच धरून वळून बघितलं. फोरमनकडे नाही, माझ्याकडे. घरी आल्यावर फक्त एवढं विचारलं, “तुमी बी हसलात व्हय?”

मी सदरा खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागलो. अपराध माझा आणि अबोला तिच्याशी. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचो. का, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता येतं. फोरमनचं म्हणणं मला पटलं होतं. दोन मुलांना अंगावर पाजलेली, दोन खेपा पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी माझी बायको मला एकाएकी सदोष मालासारखी दिसायला लागली होती. इन्स्पेक्शनमध्ये नापास झालेला माल. असा माल आम्ही लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवत असू.

मग दिवाळीला एका सप्लायरनं कॅलेंडर दिलं. गुळगुळीत कागदाचं, बारा महिन्यांच्या बारा परदेशी बायका. ऑफिसात लावण्याजोगं नव्हतंच. मी घरी आणून कपाटात बनियनांच्या खाली ठेवलं. कपडे तीच धुते, घड्या तीच घालते, तर ते तिला सापडणार हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच ठेवलं असेल. एके दिवशी कामावरून आलो तर कॅलेंडर पलंगावर उघडं. “अस्सं पाहिजे व्हय तुमाला?” असं तिनं विचारलं. रागानं नाही. बाजारात एखादी वस्तू कुठं मिळते विचारावं तसं.

नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी कॅलेंडर गुंडाळलं आणि चहा मागितला.

आणि तिसरी गोष्ट केली ती तर मुद्दाम. एका मासिकात लेख आला होता, शस्त्रक्रियेनं छाती भरीव करता येते, मुंबई-पुण्यात काही प्लास्टिक सर्जन हे काम करतात वगैरे. मी ते पान कापलं, चार घड्या घातल्या आणि चहाच्या डब्याखाली ठेवलं. तोंडानं एक अक्षर बोललो नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळता ढवळता ती म्हणाली, “करू या. तुमच्या मनासारखं व्हऊ द्या एकदाचं.”

याला मी तिचा होकार समजलो. जन्मभर समजत आलो.

आता पुढचं सांगायला हवं, कारण माझा मूर्खपणा आमच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातला आहे, इतरांना तो सुचलाही नसता. कंपनीत तीन कोटेशनांशिवाय साधा झाडू घेता येत नव्हता. तीन सप्लायर, त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी. बारा वर्षं हेच केलेलं. बायकोच्या ऑपरेशनलाही मी तेच लावलं. ऑफिसच्या चौकटीच्या कागदावर तक्ता आखला: डॉक्टर, पदवी, अनुभव, माल देशी की इम्पोर्टेड, किती दिवसांत, शेरा. अक्षर वळणदार. बायकोनं भाजी चिरता चिरता तो कागद बघितला आणि विचारलं, “आन् मला काय वाटतं ते कुठल्या घरात लिवायचं?”

मला तो विनोद वाटला.

पहिला डॉक्टर शोधायला कष्ट पडले नाहीत. आमच्याकडे प्लास्टिक सर्जन म्हणजे हाताचा डॉक्टर. प्रेसखाली बोटं गेली, मशीनवर कातडं सोललं की माणूस पुण्याला त्यांच्याकडे धाडायचे. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना होता. बाहेरच्या बाकावर सगळे आमचेच लोक. एकाचा हात पोटाच्या कातडीला शिवून ठेवलेला होता. नवं कातडं धरेपर्यंत तीन आठवडे तसाच ठेवतात म्हणे. पन्नाशीचा माणूस, सदऱ्याची बटणं उघडी, हात पोटात खोचल्यासारखा. त्यानं सरकून बायकोला जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, “ताई, मालकांचा कुठला हात गेला?”

बायको म्हणाली, “त्येंचे दोनी हात बरे हायेत.”

“मग तुमचा?”

“माझं बी सगळं बरंच हाय,” ती म्हणाली आणि पदर घट्ट लपेटून घेतला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, “काय त्रास आहे, बाई?” उत्तर मी द्यायला लागलो. पाठ करून गेलो होतो. माझं दुसरं वाक्य व्हायच्या आत ते म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर बसता?” मी बाहेर. आतून आवाज नाही. पोटाला हात शिवलेला तो माणूस माझ्याकडे बघत होता. इतका अपमान माझा बारा वर्षांत कुठल्या सप्लायरच्या दारात झाला नव्हता. मालक मी, आणि बाहेर मी!

बराच वेळ गेला. मला आत बोलावून डॉक्टर एवढंच म्हणाले, “मी हे करणार नाही. बाईंना स्वतःला हवं असेल तर त्या एकट्या येतील, तेव्हा बघू.”

बसस्टॉपवर मी विचारलं, “काय बोललीस त्यांच्याशी?”

“इचारलं, नंतर भाकरी थापता येईल का, पालथं निजता येईल का.”

“मग?”

“म्हनले, येईल, दीड-दोन म्हयन्यांनी. मग त्येंनी इचारलं, हे तुमाला कशापायी पाहिजे?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, ते भायेर बसल्यात, त्येंना इचारा.”

मी तक्त्यात शेऱ्याच्या घरात लिहिलं: सहकार्य नाही.

दुसरे एक मुंबईचे मोठे सर्जन. त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं की चार महिने नंबर लागणार नाही, आणि पत्र पेशंटनं स्वतः लिहावं. शेरा: विलंब. पत्र पेशंटनं लिहावं या वाक्याखाली मी निळ्या शाईनं रेघसुद्धा मारली होती, नकाराचं एक कारण म्हणून. तो कागद आज समोर असता तर मी तो फाडला नसता. भिंतीला लावून रोज वाचला असता.

तिसरा मिळाला रबराचे सील पुरवणाऱ्या एका सप्लायरकडून. “साहेब, आपला माणूस आहे. माझ्या मेव्हणीचं त्यानंच केलं. आता बघाल तर ओळखणार नाही!” पुण्याच्या कॅम्पात त्याचं नर्सिंग होम होतं. थंडगार खोली, माशांची काचपेटी, भिंतीवर सोनेरी शिक्क्याचा इंग्रजी कागद. कंपनीत कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा आला तरी मी त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचो, शंका आली तर लॅबला फोन लावायचो, नव्या सप्लायरच्या कारखान्यात जाऊन त्याचं मशीन बघितल्याशिवाय ऑर्डर सोडायचो नाही. आणि इथं? तुम्ही अशी ऑपरेशनं किती केलीत, हे विचारलं नाही. बिघडलं तर काय, हे विचारलं नाही. त्या सोनेरी शिक्क्याखाली काय लिहिलंय, तेसुद्धा वाचलं नाही. पुढं कळलं की तो साधा सर्जन होता आणि तो कागद परदेशातल्या कुठल्या आठवडाभराच्या वर्गाला बसल्याचा होता. माझ्या बायकोपेक्षा मी कास्टिंगच्या तुकड्याची जास्त काळजी घेत होतो. यापेक्षा वेगळं मला ते मांडता येत नाही.

त्यानं मला जिंकलं ते एका शब्दानं. “माल इम्पोर्टेड आहे, साहेब.” ते दिवसच तसे होते. परदेशी बेअरिंगसाठी आम्ही लायसन्सच्या रांगेत महिनोन्‌महिने उभे राहायचो. बाहेरचं ते चांगलंच, हा आमचा वेद. त्यानं कपाटातून तीन जोड काढून टॉवेलवर मांडले. पारदर्शक, लिबलिबीत, साबुदाण्याच्या खळीनं भरलेल्या पिशव्यांसारखे. “हाताळून बघा, साहेब.” मी एकेक उचलला. दाबला. पालथा करून शिवण कुठं आहे ते पाहिलं. उजेडाकडे धरला. बायकोनंही हात पुढं केला, तर त्यानं हसत हसत जोड उचलून पेटीत ठेवला. “बाईंना आता रोजच बघायचेत!”

मी पुन्हा हसलो. दुसऱ्यांदा.

“साइज?” त्यानं विचारलं. मला. मी सर्वांत मोठ्यावर बोट ठेवलं. एकदाच करायचंय तर दिसेल असं करावं, हा हिशेब. बायको पुटपुटली, “आवं, येवढं?” आणि आयुष्यभर शांत म्हणून गाजलेला मी तिला म्हणालो, “तू गप्प बस.”

कागदावर नवऱ्याच्या संमतीची सही मी केली. तिच्या सहीसाठीही जागा होती. कागद इंग्रजी होता. नर्सनं बोट ठेवलं तिथं तिनं केली.

घरी तिनं विचारलं, “आईला काय सांगायचं?” मुलं सांभाळायला तिच्या आईला गावाहून आणायचं होतं. मी म्हणालो, “छातीत गाठ आहे, साधी, काढतील. असं सांग.” इतकं सहज सुचलं. सासूबाई धावत आल्या, डोळे पुसत पुसत. मला म्हणाल्या, “जावईबापू, तुमच्यासारखा मानूस हाय म्हनून येवढं दवापानी करतोय.” मी मान खाली घातली. त्यांना ते सोसणं वाटलं.

ऑपरेशन झालं. पहिले पंधरा दिवस मी खूश होतो. हे लिहिलंच पाहिजे. तिला उताणं झोपून झोपून पाठ दुखत होती, हात वर करता येत नव्हता, केसांना फणी शेजारची वहिनी फिरवत होती, आणि मी खूश होतो. सासूबाई गावाकडं कांदा काढणीला परत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात डावी बाजू लाल झाली, तापली. अंगात कणकण. नर्सिंग होममध्ये नेलं तर तो म्हणाला, “बॉडी अ‍ॅडजस्ट होतेय.” गोळ्या दिल्या. चार दिवसांनी टाक्यातून पाणी येऊ लागलं. पुन्हा नेलं. आता त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. “बाई, काम केलंत ना? सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही.”

वळून मी तिला विचारलं, डॉक्टरच्या देखत, “बादली उचललीस का?”

ती तापानं फणफणलेली. म्हणाली, “मग कोन उचलनार हुतं?”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. हो, गेलो. ऑडिट होतं. संध्याकाळी आलो तर दाराला कुलूप, मुलं शेजारी. वहिनींनी किल्ली दिली. “भाऊजी, वहिनी पुण्याला गेल्या बसनं. उभं राहवत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, भाऊजी येईस्तोवर थांबा. तर म्हणाल्या, त्ये आले की पुन्ना थांबायलाच सांगतील.”

मला वाटलं, ती कॅम्पात गेली. तिथं नव्हती. मग कळलं, कुठं असणार ते. हाताच्या डॉक्टरांनी तिला एका हॉस्पिटलात हलवून संध्याकाळीच ऑपरेशन केलं होतं. मी पोहोचलो तेव्हा ती गुंगीत होती. मी कागद मागितला, सही करायची असेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, “झालीय. त्यांनीच केली.” मग म्हणाले, “डावीकडचं काढावंच लागलं. उजवीकडचं ठीक होतं, पण त्या म्हणाल्या, दोन्ही काढा.”

आणि जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, “ही साइज कुणी निवडली होती? त्या अंगाला ती झेपणारच नव्हती. कातडीला ताण बसून टाके उसवलेत.”

मी म्हणालो, “त्या डॉक्टरांनी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनं त्यांना आधीच सगळं सांगितलं असणार, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

पुढच्या आठवड्यात मी कॅम्पात गेलो. आता तरी भांडीन अशा आवेशात गेलो. त्यानं मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, “होतं असं कधीकधी, साहेब. सहा महिन्यांनी पुन्हा घालू. तुमच्यासाठी कन्सेशन.” एका बाईचं अंग सडवून हा माणूस सवलत देतो! माशांच्या पेटीवर डोकं आपटावंसं वाटलं, त्याचं किंवा माझं. मी काय केलं? चहा प्यालो. बशीत ओतून, फुंकर घालून. “बघतो,” म्हणून बाहेर पडलो. बाहेरच्या बाकावर दुसरा एक नवरा बसला होता, शेजारी त्याची बायको. त्यांना मी एक शब्द बोललो नाही. त्या बाईचं काय झालं असेल, हे मला अजून कधीतरी आठवतं आणि ताटावरून उठावंसं वाटतं.

बायको हॉस्पिटलातून सरळ माहेरी गेली. मुलांच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागत होती, तीही तिच्याबरोबर. सुट्टी संपत आली तेव्हा मी आणायला गेलो. चाकणहून एस.टी.नं फाट्यावर उतरलो, पुढं चालत. ओसरीवर सासूबाई, मेहुणा, भावकीतली एक म्हातारी आणि दोन सुना. पाणी आलं, चहा आला. बायको उंबऱ्यात उभी राहिली. पार वाळली होती.

त्या दोन महिन्यांत तिच्यावर काय गुदरलं होतं ते मला तिथं बसल्यावर हळूहळू उमजलं. गाठ, दोनदा कापली, म्हणजे तो मोठा रोग, हे गावानं ठरवून टाकलं होतं. बायका तिच्या हातचं पाणी घ्यायला कचरत होत्या. लेकरं तिच्या मांडीवरून उचलून नेत होत्या. भावकीतल्या एका पोरीची सोयरीक अडली होती, पोरीच्या चुलत आत्याला छातीचा रोग म्हणून. आणि ती गप्प होती, कारण खरं सांगितलं तर लाज माझी जाणार होती.

सासूबाईंनी विचारलं, “जावईबापू, आता तरी सांगा, गाठ पुन्ना न्हाई ना यायची?”

मी काही बोलायच्या आत बायको उंबऱ्यातून म्हणाली, “सांगा की. सगळी बसल्यात. गाठ हुती का काय हुतं, ते तुमीच सांगा. म्या सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई.”

तिनं माझ्याकडे कधीही काही मागितलं नव्हतं. लुगडं नाही, दागिना नाही. एवढंच मागितलं. तिला न झालेल्या रोगातून तिला सोडवायचं होतं, आणि ते फक्त मलाच करता येणार होतं. एक वाक्य. रोग नव्हता, मीच हौसेपायी कापायला लावलं. सगळे थांबले होते. मेहुण्यानं तंबाखू मळायची थांबवली होती.

मी म्हणालो, “गाठच होती. साधी. आता मुळापासून काढलीय, काळजी नको.”

सासूबाईंनी छतापलीकडच्या देवाला हात जोडले. बायको आत गेली आणि ट्रंक घेऊन बाहेर आली. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर म्हणाली, “बोलता येतं की तुमाला. मला वाटायचं, येतच न्हाई.”

त्यानंतर आम्ही संसार केला. मुलं शिकली, मोठी झाली. ती हसते, रागावते, शेजारणींत बसते. माझ्यासमोर लुगडं बदलत नाही. ज्या घरात दोनच खोल्या होत्या त्या घरात तिनं हे कसं जमवलं, ते तिचं तिला ठाऊक. मला विचारायचा हक्क नव्हता आणि मी विचारलं नाही. इथं मात्र माझा शांतपणा तिला उपयोगी पडला असेल.

सासूबाई गेल्या. लेकीला रोग होता असं समजूनच गेल्या. त्यांना सांगायला माझ्याकडे कितीतरी वर्षं होती, दर दिवाळी होती, दर आखाड होता. सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मेहुणा जमिनीच्या कामासाठी चिंचवडला आला होता. जेवण झालं. बायको आत भांडी आवरत होती. मी काही ठरवलं नव्हतं, पण सुपारी कातरता कातरता बोलून गेलो. सगळं. फोरमन, कॅलेंडर, तीन जोड, माझं बोट. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मेहुणा ऐकत होता. माझ्याहून तो आठ वर्षांनी लहान, पण केस माझ्याआधी पिकलेले. मला वाटलं, उठून कानाखाली देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानं सतरंजीची एक सुटलेली दशी ओढून काढली. मग म्हणाला, “मंग आईनं त्या साली देवीला बोकड कशापायी दिला, दाजी?”

मी कातरलेली सुपारी त्याच्यापुढं सरकवली.

“लेकीचा रोग गेला म्हनून नवस फेडला तिनं. कांद्याचं पैसं तसंच ठिवलं हुतं त्याच्यापायी. सारा गाव जेवला. तुमी बी हुता की पंगतीला. माझ्या शेजारीच पाट हुता तुमचा.”

होतो. दोनदा रस्सा वाढून घेतला होता.